काचेच्या अलीकडे

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासत होते. पुण्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. खिडकीखाली उघड्या छत्र्या वाळत ठेवलेल्या आणि खोलीभर त्या ओल्या कापडाचा वास. "मॅडम, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय. गाडी लिफ्टवर घेतली होती, थोडी कामं निघालीयत. सांगू का?" मी म्हटलं, सांगा. तो सांगत गेला आणि मी डायरीत लाल पेनाने उतरवून घेत गेले. इंजिन डीकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, ब्रेक कॅलिपर सर्व्हिस, एअर फिल्टर, वायपर ब्लेड, ब्रेक ऑईल. सकाळी गाडी सोडताना एस्टिमेट ६,५०० रुपयांचं होतं. आता आकडा १९,२०० वर गेला होता. माझ्या पोटात जे काही आलं ते सरळ आवाजात उतरलं. मी म्हटलं, "ऑईल, ऑईल फिल्टर आणि धुणं. बाकी एकही काम करायचं नाही." तो क्षणभर गप्प राहिला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बरं मॅडम. फक्त ते ब्रेक ऑईल तेवढं..."

"नको म्हटलं ना," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

समोर बसलेल्या बाईंनी मान वर करून बघितलं. "बरं केलंस. नुसते लुटायला बसलेत," त्या म्हणाल्या. मला त्या दुपारी खरंच बरं वाटलं. तेरा हजार वाचवल्यासारखं वाटत होतं आणि त्याहूनही, कुणीतरी आपल्याला गृहीत धरत होतं ते आपण होऊ दिलं नाही, असं. संध्याकाळी गाडी घेतली. डॅशबोर्डला पॉलिशचा गोडसर वास, पायाखाली कागदी मॅट, आरशाला लटकवलेलं कसलंसं कार्ड. घरी आले, जेवले, आणि झोपायला आडवी झाले तेव्हा त्या मुलाचं अर्धं राहिलेलं वाक्य परत ऐकू आलं. पूर्ण यादी त्याने एका सुरात वाचली होती, रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा होते तशी. ते शेवटचं वाक्य मात्र वाचलेलं नव्हतं. ते तो स्वतः बोलला होता. शिकवण्यात तीस वर्षं गेल्यावर पाठ म्हणून दाखवणारं पोर आणि समजून बोलणारं पोर यांतला फरक कानाला कळतोच. तो मला फोनवरही कळला होता. कळूनही मी त्याला तोडलं होतं.

रात्री साडेअकराला मी चप्पल घालून खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीच्या पुढच्या खणातून ते जाडं पुस्तक काढून आणलं. तीन वर्षांत ते मी एकदाही उघडलं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली. मागच्या बाजूला देखभालीचा तक्ता असतो, आडवे किलोमीटर आणि महिने, उभी कामं, मधल्या चौकटींत एकेक अक्षर: कुठे तपासा, कुठे बदला. मी डायरीतली लाल यादी शेजारी ठेवली आणि एकेक काम बोटाने शोधत गेले. डीकार्बनायझिंग नाही. इंजेक्टर क्लीनर नाही. थ्रॉटल बॉडी नाही. एसीचं निर्जंतुकीकरण नाही. अंडरबॉडी कोटिंग नाही. एअर फिल्टर होता, पण ४०,००० किलोमीटरला. माझी गाडी ३०,००० वर होती. इथवर माझं दुपारचं समाधान वाढतच गेलं. मग ब्रेक फ्लुइडच्या, म्हणजे त्याच ब्रेक ऑईलच्या, ओळीवर बोट आलं. दर दोन वर्षांनी बदला. गाडी तीन वर्षांची होती.

मी मागच्या वर्षीचं बिल शोधलं. फाइलमध्ये नीट लावून ठेवलं होतं, कारण बिलं मी ठेवते, वाचत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसिंगला, जेव्हा ब्रेक ऑईल बदलायचं होतं, तेव्हा मी इंजिन फ्लशचे पैसे भरले होते. पेट्रोलमध्ये टाकायच्या एका बाटलीचे भरले होते. एसीच्या फवाऱ्याचे भरले होते. 'आतून चकचकीत' करण्याचे १,२०० भरले होते. ब्रेक ऑईलची ओळ त्या बिलात नव्हती. त्या वर्षी मी सगळ्याला हो म्हटलं होतं आणि जे हवं होतं तेच राहिलं. या वर्षी सगळ्याला नको म्हटलं आणि पुन्हा तेच राहिलं.

बिल हातात धरून मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बराच वेळ उभी होते. राग नक्की कुणाचा करायचा, ते ठरत नव्हतं.

आम्ही मिरजेचे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. आधी त्यांची चेतक होती, मग १९८८ साली त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, फिकट निळी. तिचे मिस्त्री सांगली रस्त्याला चिंचेखाली बसायचे. वर पत्रा, खाली डिझेल-ऑईल मुरून काळी गुळगुळीत झालेली माती, चिंचेचा पाला सगळ्यावर पडलेला. मी एका जुन्या टायरवर बसायची. बाबा मात्र बसायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून ते बॉनेटशी वाकून उभे राहायचे, पर्यवेक्षक परीक्षेच्या वर्गात उभा राहतो तसे नाही, विद्यार्थ्यासारखे. मिस्त्री प्लग काढायचे, फडक्याने पुसण्याआधी बाबांच्या हातात द्यायचे आणि बाबा तो माझ्या तळहातावर ठेवायचे. गरम, जड, पेट्रोलचा उग्र वास. "टोक बघ. तपकिरी-राखी आहे ना? म्हणजे जळण बरोबर चाललंय. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असता तर कमी पडतंय, इंजिन तापतंय." मला तेव्हा त्या टोकाकडे बघताना वैद्याने जीभ बघावी तसं वाटायचं. मग मिस्त्री पॉलिश पेपरने टोक घासायचे, फट बघायचे आणि परत बसवायचे. "मास्तर, अजून पाच-सहा म्हैने जातंय. उगं कशाला पैसे घालवता?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या लेखी चांगला कारागीर म्हणजे 'अजून जातंय' म्हणणारा, असं समीकरणच झालं. बदला म्हणणारा माणूस मला आपोआप परका वाटतो.

पण मिस्त्रींचंही चुकायचं. एकदा क्लच प्लेट 'जातंय' म्हणाले आणि पुढच्याच रविवारी जोतिबाच्या डोंगरावर चढताना ती गेली. रबर आणि केस एकत्र जळावेत तसला वास, मागे गाड्यांची रांग, आईच्या मांडीवर खोबरं-गुलालाचं ताट, आणि बाबा दगड शोधून मागच्या चाकाखाली लावतायत. परत आल्यावर बाबा मिस्त्रींना एक शब्द बोलले नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याने मला पेडल दाबून दाखवलं होतं. मलाही ते अजून जाईल असंच वाटलं. दोघांचं चुकलं." आज मला त्या वाक्यातलं 'दोघांचं' महत्त्वाचं वाटतं. निर्णयाच्या वेळी बाबा तिथे उभे होते, म्हणून चूकही त्यांच्या वाट्याला अर्धी आली होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये मला उभं राहायला जागाच नाही. मोठी काच असते. काचेच्या अलीकडे सोफे, कॉफीचं मशीन, आवाज बंद केलेला टीव्ही, टेबलावर गेल्या दिवाळीचा अंक. पलीकडे लिफ्टवर चढवलेल्या गाड्या, निळ्या-करड्या कपड्यांतली मुलं, हवेच्या पान्याचा टर्र आवाज, तोही काचेमुळे लांबून आल्यासारखा. आपली गाडी कुठली तेही ओळखू येत नाही; खालून बघितल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. माझी आजी गिरणीत दळण टाकून कधी घरी आली नाही. ज्वारी असेल तर आधीची ज्वारी संपेपर्यंत थांबायची, "ज्वारीवर ज्वारी टाक रे बाबा," म्हणायची, आणि पीठ पडायला लागलं की चिमूटभर बोटांत चोळून जाड-बारीक सांगायची. गिरणीवाल्यावर तिचा अविश्वास नव्हता. त्याच्या मुलीच्या लग्नात तिने लुगडं दिलं होतं. पण दळण आपलं आहे तर उभं राहायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. काचेने माझं ते उभं राहणं काढून घेतलंय. मग माझ्यापाशी दोनच गोष्टी उरतात, सगळ्याला हो किंवा सगळ्याला नको, आणि त्या दोन्ही मी करून बघितल्या होत्या.

पुढचे तीन-चार दिवस मी शाळेतून आल्यावर एकेक काम समजून घेत बसले. गाडीचं पुस्तक, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ, आणि मिरजेच्या मिस्त्रींचा मुलगा, जो आता तिथेच गॅरेज चालवतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, गाडी झटके खाती का? अ‍ॅव्हरेज पडलाय? सिग्नलला थरथरती?" तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग कार्बन कशाला काढताय?" त्याने समजावलं ते असं. माझ्या गाडीत पेट्रोल हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, इनटेक व्हॉल्व्हच्या, मागे, वाटेतच फवारलं जातं. त्या फवाऱ्याने व्हॉल्व्ह सतत धुतले जातात. काही नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडतात, तिथे व्हॉल्व्हला ही आंघोळ मिळत नाही आणि कार्बन साचण्याची तक्रार खरी असते. म्हणजे तेच काम एका गाडीला औषध आहे आणि दुसरीला नुसतं बिल. काम खोटं नाही. ते माझ्या गाडीचं नव्हतं.

अंडरबॉडी कोटिंगचंही तसंच निघालं. माझी बहीण मालवणला असते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तिच्या आधीच्या गाडीच्या दाराखालची पट्टी बोटाने दाबली तर पापडासारखी मोडायची. खारा वारा आणि चार महिने ओल. तिने नव्या गाडीला खालून कोटिंग करून घेतलं ते योग्यच केलं, आणि मी तिला तेव्हा फोनवर "कशाला ग फुकट?" म्हटलं होतं ते मागे घेते. कारखान्यातून गाडी गंजरोधक थर घेऊनच येते. पुण्याच्या कोरड्या हवेत तो पुरे पडतो, मालवणात वरून हात दिलेला बरा. एअर फिल्टरवर मात्र मी अडखळले. पुस्तकात ४०,००० लिहिलंय खरं, पण त्याच तक्त्याच्या पुढच्या पानावर दुसरा, लहान तक्ता आहे: धुळीचे रस्ते, वारंवार थांबत-चालत जाणं, कमी अंतराच्या फेऱ्या, अशा वापरासाठी. घर ते शाळा माझं अंतर चार किलोमीटर. इंजिनचं ऑईल पुरतं तापण्याआधीच मी गाडी बंद करते, त्यामुळे त्यातली ओल आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. वाटेत दोन टॉवर उभे राहतायत आणि सिमेंटची धूळ पावसाळा सोडला तर बारा महिने. कमी चालवते म्हणून माझी गाडी सुखात आहे असं मी समजत होते. पुस्तकाच्या मते ती कष्टातली गाडी आहे. पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवून "बघा, पुस्तकात नाही," म्हणणंही पुरेसं नव्हतं तर.

मग रविवारी मी स्वतःच गाडी उघडली. डावीकडचा खण दोन्ही बाजूंनी दाबला की खाली येतो आणि त्यामागे एसीचा फिल्टर असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. चौकोनी पट्टी ओढून बाहेर काढली तर घड्यांमध्ये गुलमोहराची बारीक पानं, मुठभर, ओली होऊन चिकटलेली, एक वाळलेली माशी, आणि कुबट वास. आमच्या सोसायटीच्या गेटाशी गुलमोहर आहे, त्याखालीच मी गाडी लावते. एसीचा जो वास घालवायला मागच्या वर्षी फवाऱ्याचे पैसे दिले होते, तो इथून येत होता. नवा फिल्टर चारशे रुपयांना मिळाला. बसवायला पाच मिनिटं लागली. त्याच उत्साहात मी टायरपाशी उकिडवी बसले. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचा. माझे अजून खूप वर होते. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आतल्या कडेवरून आणि बाहेरच्या कडेवरून हात फिरवला, झीज सारखी लागली. सकाळी लवकर मोकळ्या सपाट रस्त्यावर स्टीअरिंग क्षणभर अगदी हलकं धरून बघितलं, गाडी सरळ जात होती. अलाइनमेंट आत्ता नको, हे मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ठरवलं. फोनवर म्हटलेलं 'नको' आणि हे 'नको' यांचा आवाज वेगळा होता.

ब्रेक ऑईल मात्र बघून कळेना. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला पांढरट डबी, झाकणावर 'डॉट ३' ही ऑईलची प्रत उठवलेली, आणि आत चहाच्या रंगाचं काहीतरी. पातळी बरोबर होती. मिरजेहून उत्तर आलं, "ताई, ते पातळीवर नसतं. ते हवेतली ओल पीत असतं." हे मात्र मला शिक्षिका म्हणून आवडलं, कारण ते आठवीच्या विज्ञानात बसतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सियसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मर्यादा १४० वर येते. शहरात चार किलोमीटरच्या फेरीत फरक जाणवणारच नाही. पण लांब घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर राहिला तर चाकाशी उष्णता साठत जाते, ते द्रव उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि दाब चाकापर्यंत पोचत नाही. मी दर गणपतीला बहिणीकडे जाते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून. मागच्या वर्षी शेजारी आई बसली होती, वय ८१, मांडीवर मोदकांच्या सारणाचा डबा.

त्या मुलाला हे माहीत असणार होतं. त्याला करूळ घाट माहीत नसेल, आई माहीत नसेल, पण ते ब्रेक ऑईल त्याने स्वतः पाहिलं होतं.

राग तरीही पुरता गेला नव्हता, आणि तो जायला हवा असंही मला वाटत नाही. त्या मुलाने दहा कामांच्या यादीत बहुतेक माझ्या गाडीला नको असलेलीच कामं आधी वाचली, म्हणून दहावं मला ऐकू आलं नाही. ही यादी त्याने केलेली नसते. आणि त्या काचेच्या पलीकडे जे ज्ञान आहे, ते फार काळ जाणूनबुजून तिथेच ठेवलं गेलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मिरजेत मिस्त्रींचा मुलगा मला सांगतो, की आता स्कॅनर बाजारात मिळतो, पण एखाद्या नव्या गाडीवर लाल दिवा लागला की अजूनही कधीकधी त्याला गिऱ्हाइकाला शोरूमला पाठवावं लागतं. त्याच्या वडिलांच्या हातात प्लग होता, तो माझ्याही तळहातावर ठेवता यायचा. स्कॅनरवरचा कोड तळहातावर कसा ठेवणार? समोर उभी राहिले तरी मला तो वाचता येणार नाही. म्हणून दाखवून सांगणारा माणूस पूर्वीपेक्षा आता जास्त लागतो आहे, आणि नेमका त्याच्या आणि माझ्या मध्ये सोफा, कॉफी आणि एस्टिमेट आलं आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी घेऊन तिथेच गेले. दुसरीकडे जाता आलं असतं. पण ते वाक्य मी तिथे तोडलं होतं.

तो काउंटरवर होता. फोनवर वाटला त्याहून लहान, पंचविशीचा असेल. मागच्या भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर पाच नावं आणि प्रत्येकासमोर महिन्याचं टार्गेट, वर 'व्हीएएस' असं लिहिलेलं. म्हणजे 'व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिसेस', ती वरची कामं, फवारे, कोटिंगं, क्लीनिंगं. त्याच्या नावापुढचा आकडा सगळ्यांत कमी होता. मी माझं नाव सांगितलं, ओळख पटायला त्याला क्षण लागला आणि पटल्यावर तो थोडा मागे सरकला. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही ब्रेक ऑईलचं सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही. चूक झाली माझी. आज ते काम करायचंय. पण मला बघायचंय." त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग दाराजवळच्या काचेकडे. "या मॅडम," तो म्हणाला. काउंटरला वळसा घालून तो बाहेर आला तेव्हा मला त्याचे हात दिसले. शर्ट इस्त्रीचा, गळ्यात ओळखपत्र, पण नखांच्या कडांना ते काळं, जे साबणाने जात नाही. मिस्त्रींच्या हाताला होतं ते. "मी आधी खाली फ्लोअरलाच होतो, दोन वर्षं," तो चालता चालता म्हणाला. "वर घेतलं तेव्हापासून फोन."

काचेचं दार उघडलं आणि आवाज एकदम अंगावर आला. ऑईल, रबर, ओलं सिमेंट. तो वास मी कित्येक वर्षांनी इतक्या जवळून घेतला. त्याने बॉनेट उघडलं, पांढऱ्या डबीचं झाकण फिरवलं आणि खिशातून मार्करएवढा एक पेन काढला, टोकाला दोन धातूचे काटे, अंगावर दिव्यांची ओळ. काटे त्या चहाच्या रंगात बुडवले. हिरवा लागला, पिवळा लागला, दुसरा पिवळा लागला, आणि मग शेवटचा लाल. त्याने पेन बाहेर काढून पुसला आणि म्हणाला, "पुन्हा बघा, तुमच्या हाताने." मी बुडवला. लाल. "चार टक्क्यांच्या वर गेलंय पाणी. त्या दिवशी पण हेच होतं. आता बाकीचं..." तो थांबला. मग बोर्डाच्या दिशेने न बघता म्हणाला, "बाकीचं वाचावं लागतं मॅडम." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी त्याला विचारलं, "ब्रेकचे पॅड कसे आहेत?" त्याने टॉर्च धरून चाकाच्या फटीतून दाखवले. "नवा दहा मिलिमीटरचा असतो. हे सहा आहेत. दोन-तीनला आले की बदलायचे. अजून जाईल." मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याला कळणं शक्य नव्हतं.

गाडी वर घेतली, चाकं काढली. मेकॅनिक मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायला बसला, ब्रेकमधलं ऑईल बाहेर सोडायच्या तोटीला, निपलला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत. आत बसून पेडल दाबायला एक माणूस लागतो आणि त्याचा जोडीदार जेवायला गेला होता. त्याने काउंटरवरच्या त्या मुलाकडे, अ‍ॅडव्हायझरकडे, बघितलं, अ‍ॅडव्हायझरने माझ्याकडे. "बसाल का मॅडम? लिफ्ट खालीच ठेवतो." मी चपला काढून आत बसले. का काढल्या ते सांगता येणार नाही. पायाला पेडलचं रबर गार लागलं.

"दाबा. सोडा. दाबा. सोडा. दाबा, आता धरून ठेवा."

मी धरलं. खाली निपल उघडलं तसं पेडल माझ्या तळव्याखालून हळूहळू खचत गेलं, कुणीतरी पलीकडून ओढून घ्यावं तसं, पार तळापर्यंत. आरशात मला मागे उकिडवा बसलेला मेकॅनिक दिसत होता आणि त्याच्या हातातली बाटली, तळाला काळपट चहा साठत होता. "सोडा." पुन्हा दाबलं. चार चाकं झाली तेव्हा नळीतून येणारा रंग फिकट मधासारखा झाला होता. अ‍ॅडव्हायझर खिडकीशी वाकला. जुनं आणि नवं, दोन्ही बाटल्या त्याने काचेबाहेर शेजारी धरल्या होत्या, मला दिसाव्यात म्हणून.

"आता शेवटचं एकदा," मेकॅनिक खालून म्हणाला. मी दाबलं. पेडल अर्ध्यावर येऊन घट्ट थांबलं. मी पाय तसाच ठेवून बसून राहिले.